चेहरा कापायचा नाही

दिघेजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका प्लास्टिकच्या कार्डाला कान लावून बसले होते. कॉलेजच्या ग्रंथालयातली दुपार. काउंटरपुढे मी सदस्यत्वाचा फॉर्म घेऊन उभा, आणि समोर हा पन्नाशी ओलांडलेला बारीक माणूस डोळे मिटून कार्डाचा कोपरा अंगठ्यानं वाकवत होता, सोडत होता आणि 'तड' असा आवाज ऐकत होता. तीनचार वेळा ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मलाच निकाल सांगितला.

"नरम आहे. स्ट्रमिंगला चालेल." मग फॉर्मवरचं नाव वाचून म्हणाले, "अच्छा, मोहिते! म्हणजे आपलेच. कुठले?"

"सांगलीचा."

"मग बसा न सर, उभे काय राहिले? फॉर्म कुठं पळून नाही चालला."

तुकोगंजमधल्या एका खासगी कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. दोन वर्षांचं प्रोबेशन होतं. इंदूर नवं, भाषा अर्धी ओळखीची, खोली भाड्याची. सांगलीत आम्ही जे मराठी बोलतो आणि इथं चार पिढ्या राहिलेले लोक जे बोलतात, त्यांत बरंच अंतर आहे, हे मला दिघेजींकडूनच कळलं. ते 'परत' म्हणत नसत, 'वापस' म्हणत. 'करतोय' ऐवजी 'करून राहिलो'. आणि होकार द्यायचा तर मान किंचित तिरकी करून 'हओ'. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून इथल्या कापडगिरणीत कारकून म्हणून आले होते. "आमचं गाव रत्नागिरीला आहे," ते सांगत, "लेकिन अजून गेलो नाही." जणू पुढच्या रविवारी निघायचंच आहे आणि फक्त तिकीट काढायचं राहिलंय.

ते ग्रंथालयात लिपिक होते. पुस्तकं देणं-घेणं, ओळखपत्रं बनवणं, आणि तीन वर्षं संपली की मुलांकडून ती ओळखपत्रं वापस घेणं, हे त्यांचं काम. गोळा केलेली कार्डं एका बुटाच्या खोक्यात साठायची आणि वर्षाअखेर ती कापून फेकावीत असा नियम होता. त्यातला 'कापून' हा भाग दिघेजींनी मनावर घेतला होता. ते त्या कार्डांची गिटारची पिक्स करत.

पिक म्हणजे तारा छेडायचा तो तिकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. मी म्हटलं, आमच्या सांगलीत पीक म्हणजे ऊस. यावर ते इतके हसले की वाचनकक्षातल्या मुलांनी माना वर केल्या. पुढं कित्येक महिने मी दिसलो की ते विचारत, "काय मोहिते सर, ऊस कसा आहे?"

तरुणपणी ते लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. तेव्हा इथं पिक मिळत नसे, मिळालं तर हरवत असे. एकदा कार्यक्रमाला निघायच्या वेळी पिक सापडेना, तेव्हा त्यांनी आईच्या साबणाच्या डबीचं झाकण कापलं. तिथून सुरुवात. पुढं जसजशी निघाली तसतशी रिचार्जची कार्डं, दुकानांची सवलतीची कार्डं, मुदत संपलेली बँकेची कार्डं. वडील गेल्यावर ऑर्केस्ट्रा सुटला, नोकरी लागली, पण कात्री सुटली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, मुलांकडून मागून घ्यायचे. पण तिथं कानकोरण्याएवढी कानस, काचकागदाची घडी आणि दाढीचं अर्धं ब्लेड कायम असायचं.

पिक करायची त्यांची रीत ठरलेली होती आणि त्यात ते कुणालाही सूट देत नसत. पहिल्यांदा ब्लेडनं कार्डावरचा फोटो खरवडायचा. मग नाव, मग फोन नंबर. कार्ड दोन्ही बाजूंनी पांढरं झाल्याशिवाय कात्री उचलायची नाही. "चेहरा कापायचा नाही," ते म्हणत. "नाव आहे तोवर कार्ड त्याचं. पुसलं की आपलं." मग जुनं पिक वर ठेवून बॉलपेननं आखायचं, कापायचं, कडा आधी कानशीनं आणि मग काचकागदावर गोल गोल घासायच्या, नंतर पँटच्या गुडघ्यावर. शेवटची परीक्षा गालावर. तयार झालेलं पिक ते दाढीच्या खुंटांवरून हलकेच फिरवत आणि डोळे बारीक करत. "गालाला लागलं तर तारेला लागणार." ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरलेली होती की दुकानात दुसऱ्या कुणाचं विकतचं पिक हातात आलं तरी त्यांचा हात आपोआप गालाकडे जायचा.

कॉलेज सोडणारं मूल 'काही येणं नाही' असा शिक्का घ्यायला यायचं. त्याला दिघेजी थांबवून घेत, समोर फोटो खरवडत आणि त्याच्याच कार्डाचं पिक करून त्याच्या हातात ठेवत.

"पण भिया, मला गिटार येतच नाही," एकदा एक मुलगा म्हणाला. मुलं त्यांना दिघे भिया म्हणत.

"तर मग ठेव. कधी येईल. फक्त दात कोरू नको त्यानं."

मुलं हसत जायची. मुलीही यायच्या, त्यांच्याशी दिघेजी तितक्याच मोकळेपणी बोलत. कुणाचा पेपर वाईट गेलाय, कुणाच्या घरी स्थळं बघायला लागलेत, कुणाला बाहेरगावी शिकायला जायचंय आणि बाप नाही म्हणतो, हे सगळं त्या काउंटरवर बोललं जाई. ते सल्ला फारसा देत नसत. ऐकता ऐकता हातातली कड घासत राहत.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला एक प्रसंग अजून सांगितला जातो. रिद्धी नावाची मुलगी स्टेजवर एकटीच गिटार वाजवत होती. पहिल्या गाण्यातच तिचं पिक तडकलं. तिनं विंगेकडे पाहिलं. विंगेत दिघेजी. त्यांनी खिसे चाचपले, काही नाही. मग पाकीट काढलं, त्यातलं एक कार्ड काढलं, मंडपवाल्याकडची कात्री घेतली, कार्ड कापलं, विंगेच्या विटेच्या पायरीवर चार वेळा घासलं, गालावर फिरवलं आणि पडद्याआडून हात लांब करून दिलं. सगळं मिनिटाभरात. मुलीनं तीन गाणी वाजवली, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे काढायला गेल्यावर दिघेजींना कळलं की कापलं ते चालू कार्ड होतं. नवं कार्ड येईपर्यंत महिनाभर ते पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहिले.

वैनी, म्हणजे दिघेजींच्या पत्नी, हे सांगताना कपाळावर हात मारत. "लोक कार्ड हरवतात, हे शुद्धीत बसून कापतात." दिघेजी शेजारी बसून मान तिरकी करत. "लेकिन आवाज काय छान आला होता. बँकेचं प्लास्टिक टणक असतं."

मीही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसू लागलो. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतली एक गिटार होती. मी पिक्स करायला शिकलो, म्हणजे मला वाटलं शिकलो. दिघेजी माझं पिक घेऊन गालावर फिरवत आणि दर वेळी तेच सांगत. "सर, तुमचा उजवा खांदा कच्चा राहतो. घाई होते तुम्हाला." खरंच राहायचा. पिकची डावी बाजू मी नीट घासायचो, उजव्या बाजूला येईपर्यंत कंटाळा यायचा. ते ती बाजू माझ्यासाठी गुपचूप घासून ठेवत.

इथवर लिहायला काही कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या वर्षी वैनींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दिघेजींनी तीन दिवसांची रजा घेतली. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. युवक महोत्सव जवळ आला होता, मुलांच्या बँडला पाचसहा पिक्स हवी होती. संगीत मंडळाचं काम माझ्याकडे होतं.

"खोकं वरच्या खणात आहे," ते म्हणाले. "पहले फोटो खरवडा, मगच कात्री. सर, हे एक लक्षात ठेवा."

"हो हो, दिघेजी. तुम्ही वैनींकडे बघा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बसलो. चार कार्डं खरवडली. ब्लेड बोथट झालं होतं, बोटं दुखायला लागली, पुढचा तास दहा मिनिटांवर आला होता. पाचवं कार्ड मी खरवडलं नाही. पिक इतकं लहान, त्यात येऊन येऊन काय येणार, असं मनाशी म्हटलं आणि कोपऱ्यातून कापलं. कापल्यावर दिसलं की त्यावर एका मुलीचा अर्धा चेहरा आला आहे. एक डोळा, टिकली, नाकाची बाजू. खाली नावाची पहिली दोन अक्षरं. मी ते पाहिलं. पाहिलं नव्हतं असं मला आता म्हणता येणार नाही. घंटा झाली. मी ते इतर पिक्सबरोबर काउंटरवरच्या स्टीलच्या वाटीत टाकलं, जिथून मुलं हवं ते उचलून नेत, आणि वर्गावर गेलो. आणि ते विसरून गेलो.

दोन महिन्यांनी पल्लवीचे वडील कॉलेजात आले.

पल्लवी आदल्या वर्षी पास होऊन गेलेली मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. बँडमधल्या एका मुलानं ते पिक भोक पाडून गळ्यातल्या साखळीत घातलं होतं. त्याला ती मुलगी माहीतही नव्हती, त्याला फक्त ते वेगळं दिसतं म्हणून आवडलं होतं. पण त्याच्या मित्रांनी त्यावरून चेष्टा सुरू केली, कुणीतरी त्याचा फोटो काढून पाठवला, तो फिरत फिरत मुलीच्या भावाच्या फोनवर पोचला. आणि तिथून तिच्या होणाऱ्या सासरी.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक बसली. प्राचार्य मॅडम, एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि संगीत मंडळाचा प्रमुख म्हणून मी. पल्लवीचे वडील खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो फाटलेला होता. "मैडम, मेरी बेटी का चेहरा लड़के गले में डालके घूम रहे हैं. आप बताइए, मैं घर जाके क्या बोलूँ?"

टेबलावर एका पांढऱ्या कागदावर ते पिक ठेवलेलं होतं. मी आत शिरताच ओळखलं. उजवा खांदा कच्चा होता.

त्या मुलाला विचारून झालं होतं. त्यानं सांगितलं होतं, लायब्ररीतल्या वाटीतून घेतलं. इतकंच. वाटी दिघेजींची, खोकं दिघेजींचं, पिक्स कॉलेजात कोण करतं हे शिपायापासून सगळ्यांना माहीत. दिघेजींना बोलावणं गेलं.

ते आले. माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. मॅडमनी कागद पुढं सरकवला. "दिघेजी, ये आपने बनाया है?"

त्यांनी पिक उचललं. चेहऱ्याची बाजू त्यांना आधी दिसलीच नाही, पालथं पडलेलं होतं ते. त्यांच्या अंगठ्यानं कड चाचपली आणि मग, तीसपस्तीस वर्षांच्या सवयीनं, त्यांनी ते गालावर फिरवलं.

पल्लवीचे वडील ताडकन उठले. "शरम नहीं आती? बेटी का फोटो है, गाल से लगा रहे हो!"

दिघेजींचा हात गालापाशीच थांबला. त्यांनी पिक उलटं करून पाहिलं. तो डोळा, ती टिकली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, ते मी समोर बसून पाहिलं. त्यांनी पिक दोन बोटांत धरून, जणू ते गरम आहे असं, कागदावर ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पुस्तक कुणाकडे आहे ते माहीत असतं आणि तो आणून देईल म्हणून आपण थांबतो, तसं.

मी टेबलावरच्या घंटीकडे बघत होतो.

"दिघेजी, मैं पूछ रही हूँ."

त्यांची मान माझ्याकडेच वळलेली होती. मॅडमनी पुन्हा विचारलं, हे कधी कापलं, कुणासाठी कापलं. माझ्या तोंडात शब्द तयार होते. 'मॅडम, हे मी केलंय.' चारच शब्द. पण त्यांच्या पाठोपाठ दुसरंही डोक्यात चालू होतं. प्रोबेशनचे पाच महिने उरलेत. मी तिशीतला, अविवाहित, एकटा राहणारा मास्तर, आणि मुलीचा फोटो मी कापलाय. हे लोक काय समजतील? दिघेजींसारख्या वयस्कर माणसाला निदान कुणी तसं समजणार नाही, अशीही मी स्वतःची समजूत घातली. समोरचा बाप नेमकं तसंच समजत होता, ते मला दिसत असताना.

शेवटी दिघेजी म्हणाले, "मैडम, कार्ड मेरे पास थे. जिम्मेदारी मेरी है." मग ते वडिलांकडे वळले आणि हात जोडले. "भाईसाब, गलती हो गई. बच्ची से मेरी तरफ से माफी माँग लीजिए."

"उसका नाम भी मत लीजिए आप," वडील म्हणाले.

दिघेजींच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांना काढलं नाही. राजीनामा द्या, गोष्ट इथंच मिटवू, असं सांगण्यात आलं. त्या कागदावर समितीच्या तीन सह्या आहेत. तिसरी माझी.

पुढचा आठवडाभर स्टाफरूममधे बोलणी चालू होती. "दिसायला किती साधा माणूस." "मुली फार घोळका करायच्या तिथं, मला तेव्हाच वाटायचं." एकजण तर म्हणाला, कार्ड गालाला लावताना आपणही पाहिलंय कित्येकदा. मी तिथं बसून चहा पीत होतो. एकदा मी म्हणालो, "नाही हो, तसे नव्हते ते." 'नव्हते' म्हणालो. माणूस दोन किलोमीटरवर घरी बसला होता.

निरोपसमारंभ झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी बुटाचं खोकं रिकामं केलं आणि कार्डं एका यंत्रात घालून चुरा करायला सुरुवात केली.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो, वैनींच्या समोर. दार वैनींनीच उघडलं. डोळ्यावर काळा चष्मा होता. मला ओळखल्यावर त्यांनी माझा हातच धरला.

"या, या मोहिते सर. अहो, कॉलेजातून कोणी नाही आलं. बत्तीस साल नोकरी केली यांनी, एक माणूस नाही आला. तुम्ही आलात." आणि आत वळून, "अहो, पाहा कोण आलंय! तुम्ही म्हणत होते न, कोणी नाही येणार?"

दिघेजी आतून आले. दाढी वाढलेली. "बसा न सर," म्हणाले. वैनींनी पोहे केले. वरून शेव घातली, लिंबू पिळलं, पुन्हा पुन्हा वाढलं. त्या सांगत राहिल्या की कुणा नालायक मुलानं खोक्यातून कार्ड चोरून कापलं असणार, आणि भोगलं यांनी. "तुम्ही होते न मीटिंगमधे? तुम्ही तर सांगितलं असेल त्यांना, हे असे नाहीत."

मी पोहे खात होतो. मी मान हलवली. कशी हलवली, होकाराची की नकाराची, ते मला आठवत नाही. वैनींनी ती होकाराची धरली.

दिघेजी मला खाली पोचवायला आले. जिन्यात अंधार होता. शेवटच्या पायरीवर मी थांबलो आणि एकदाचं म्हणालो, "दिघेजी, ते माझं होतं."

"हओ," ते म्हणाले. "खांदा कच्चा होता."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

त्यांनी जरा विचार केला. मला वाटलं ते काही मोठं बोलतील, माफ केलं म्हणतील, तुम्ही तरुण आहात, तुमची नोकरी नवी, असं काही. मी त्यासाठी तयारही होतो.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो, सर," ते म्हणाले. "थोडा वेळ थांबलो. मग मॅडम वापस विचारायला लागल्या. आता तुमचं नाव मी कसं घेऊ? ते तर तुम्हालाच घ्यायला पाहिजे न."

मी वर, त्यांच्या दाराकडे पाहिलं.

"हिला नका सांगू," ते म्हणाले. "कॉलेजातून एक माणूस आला म्हणून बरं वाटून राहिलं तिला. ते तरी राहू द्या."

मी उद्याच मॅडमना भेटतो असं म्हणालो. ते "बघा" म्हणाले आणि वर गेले. पायऱ्या मोजल्यासारखे सावकाश.

उद्या भेटलो नाही. नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावर भेटलो, चार महिन्यांनी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोहितेजी, अब क्या फायदा? बात दब गई है. लड़की की भी शादी हो गई. फिर से निकालोगे तो उसी का नाम निकलेगा." मग कागद पुढं ओढत म्हणाल्या, "उस दिन बोलना था."

मी लेखी देतो, असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. खोलीबाहेर आल्यावर मला जे वाटलं ते लिहायला हवं, कारण बाकी सगळं लिहून हेच वगळलं तर काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. व्हरांड्यात मुलं होती, ऊन होतं, कँटीनमधे कचोरी तळल्याचा वास होता, आणि मला भूक लागली.

पल्लवीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना सांगावं की ज्यांना तुम्ही बोललात त्यांनी काही केलं नव्हतं, हे मला सुचलंच नाही असं नाही. पत्ता ग्रंथालयाच्या नोंदींत होता. मी तो कधी काढला नाही. ती मुलगी सासरी कशी आहे, तिला कुणी ऐकवलं का, तेही मी कुणाला विचारलं नाही. आणि दिघेजींच्या घरी मी परत गेलो नाही. आधी म्हणायचो, वैनींना तोंड कसं दाखवू. मग म्हणायला लागलो, आता फार दिवस झाले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. दीडेक वर्षानं.

संध्याकाळची वेळ होती. राजवाड्याजवळच्या बाजारातून मी रिक्षानं चाललो होतो आणि गर्दीत रिक्षा अडकली. पुढं हातगाडी, मागं दुचाक्या, कुणी हलेना. डाव्या बाजूला वाद्यांचं एक लहानसं दुकान होतं, बाहेर टांगलेल्या ढोलक्या आणि आत काचेमागं गिटारी. दाराशी स्टुलावर दिघेजी बसले होते. मांडीवर गिटार, ते तार बदलत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. पण हात तसेच, तार ओढताना मान तशीच एका बाजूला, ऐकत असल्यासारखी. बरं वाटलं मला. काम करताहेत, गिटार हातात आहे, असं मी म्हटलं मनात. उतरून जावं असंही वाटलं. मी रिक्षाच्या दांडीला हात घातलासुद्धा.

तेवढ्यात एक मुलगी स्कूटी लावून दुकानाशी आली. कॉलेजातली असावी, पाठीवर गिटारची पिशवी. ती दिघेजींपुढं थांबून काहीतरी विचारायला लागली. पिशवीची चेन उघडून तिनं गिटार अर्धी बाहेर काढली, त्यांना दाखवायला.

दिघेजी उठले. मांडीवरची गिटार त्यांनी स्टुलाला टेकवून ठेवली. तिच्याकडे न बघता हातानं 'थांबा' अशी खूण केली, आत गेले, मालकाला घेऊन आले. मालक तिच्याशी बोलायला लागला. दिघेजी तिथं थांबले नाहीत. ते दुकानातून बाहेर पडले, पायरी उतरून रस्त्याच्या कडेला आले आणि दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत धरलेले. लोक धक्के देऊन जात होते, ते जरा सरकत आणि परत तसेच उभे राहत. मालकानं आतून एकदा हाक मारून काही विचारलं, बहुतेक कुठली तार हवी ते. त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं.

मुलगी गेली. स्कूटी गर्दीत शिरली. त्यानंतरही थोडा वेळ ते तसेच उभे होते. मग वळले, पायरी चढले, गिटार उचलली आणि स्टुलावर बसले.

पुढची हातगाडी हलली होती. रिक्षावाल्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून दांडीवर होता.

"भिया, यहीं उतरना है क्या?"

"नहीं," मी म्हणालो. "आगे ले लो."